हसुरामच्या गिरणीची थरथर

हसुराम भोईर माणसं डब्यावरून ओळखतो. पिठाच्या धुरळ्यात समोरच्याचं तोंड धड दिसत नाही, डबा दिसतो. पोचा कुठे आहे, कडी कशाने बांधली आहे, झाकणाखाली फडकं कसलं आहे, एवढ्यावर तो घर सांगतो. नाव नंतर. एकदा एका बाईने डबा बदलला तर त्याने तिला विचारलं, "तू कोनाची गो?" ती त्याची सख्खी चुलती होती.

शिरखार हे त्याचं गाव. पनवेलच्या खाडीकाठचं, आगऱ्यांचं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, मध्ये बांध. त्या गावात पिठाची गिरण एकच, भोईरांची. हसुरामच्या बापाने, जोमाने, ती घातली होती. आगऱ्यांच्या घरी रोजची भाकरी तांदळाची. पीठ जरा जाड पडलं की ती तव्यावर उलते, कडा तडकतात. बाई ते विसरत नाही आणि गिरणवाल्यालाही विसरू देत नाही.

मी कागदाच्या कारखान्यात फिटर होतो. मोटर, पंप, पंखा, जे फिरतं ते माझ्याकडे. हसुरामची ओळख एका जाम झालेल्या बेअरिंगवरून झाली. तो ते फडक्यात बांधून आमच्या गेटवर घेऊन आला होता. गुरुवारी, सुटीच्या दिवशी, येतो म्हणालो आणि गेलो. बेअरिंग बसवलं. हौसाबाईने, त्याच्या बायकोने, भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं. तेव्हापासून त्या घरी जात राहिलो. मोटरीचं काम असो नसो.

त्याची एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडली. तो काम टाळत नसे. गिरणीच्या दगडांना टाकी लावून खाचा काढायच्या असल्या की सकाळी बसायचा आणि पुरं करूनच उठायचा. मी पुष्कळ कामगार पाहिले. हाताने काम करणारेही कुठेतरी थोडं चोरतात. हा चोरत नसे. म्हणूनच पुढे तो जे वागला ते कळायला मला वेळ लागला.

विमानतळ आला, गाव उठलं. त्यावर मी लिहिणार नाही. ज्यांचं गेलं त्यांनी लिहावं. लोकांना बदली जागा मिळाल्या, पण माणसं पांगली. कुणी पुनर्वसनाच्या वसाहतीत घर बांधलं, कुणी करंजाड्याला फ्लॅट घेतला, कुणी नवीन पनवेलला गेलं, कुणी लेकीकडे नेऱ्याला. जाताना लोकांनी दारं नेली, कौलं नेली, देव नेले. विहिरी राहिल्या. हसुरामने गिरण नेली. मोटर, पट्टा, दळायचे दगड, सगळं सुटं करून. आणि मोटरीखालची लादी नेली.

ही लादी म्हणजे काळ्या दगडाची शिळाच. अर्ध्या दाराएवढी, वीतभर जाड. जोमाने ती कुठल्याशा खाणीतून बैलगाडीवर आणली होती. छिन्नीने तिला चार भोकं पाडली, त्यात बोल्ट उभे केले आणि भोवती शिसं ओतलं. शिशात बसलेला बोल्ट हलत नाही. भोकं सरळ, एकमेकांच्या रेषेत, कडा न फुटलेल्या. हे काम मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जोमा जिवंत नव्हता. असता तर त्याचे पाय धरले असते.

वसाहतीत हसुरामने घर बांधलं आणि खालच्या गाळ्यात गिरण बसवली. वीज यायला, मीटर लागायला वर्षं गेली. तोवर त्याचा मुलगा प्रदीप याच्या मनात दुसरंच आलं. प्रदीप मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरीला आहे. पोरगा बरा आहे, उद्धट नाही. त्याला गाळा औषधाच्या दुकानाला द्यायचा होता. बापलेकात शेवटी ठरलं ते हौसाबाईने मला सांगितलं. गावदेवीच्या जत्रेपर्यंत गिरण नीट दळायला लागली तर गाळा गिरणीचा. नाही लागली तर दुकानाचा.

जत्रा चैत्रात. देवीचं देऊळही आता वसाहतीत आहे, नवं, फरशीचं. शिरखारची सगळी माणसं एका जागी दिसतात ती वर्षातून त्या एकाच दिवशी. जत्रेच्या आधी घराघरातून तांदूळ दळायला निघतात, पाहुण्यांच्या भाकऱ्यांसाठी. पूर्वी ते सगळं हसुरामकडे यायचं. दळण होईपर्यंत माणसं बाहेर बसत. बोलत, भांडत, सोयरिकी जमवत. हसुरामला ते परत हवं होतं. पीठ निमित्त. तोंडाने तो तसं म्हणत नसे. फोनवर एवढंच म्हणाला, "मोटर थरथरते. ये."

मी गेलो. त्याने स्विच टाकला.

मोटर उठून बसायला बघत होती. पट्ट्यावरचा पत्रा खडखडत होता. वरच्या पेटीतले तांदूळ एका अंगाला सरकत होते. खाली पडणारं पीठ मी चिमटीत घेतलं. कणीदार. घावण्यालाही चाललं नसतं.

"तिकडे एवढी हलायची?"

"तिकडं पत्रा वाजायचा. एवरी थरथर नाय."

"मग कधीपासून?"

"हितं बसवली तवापासून."

मोटर थरथरायला कारणं पुष्कळ असतात. आतला फिरणारा भाग एका अंगाला जड झालेला असतो. बेअरिंग झिजतं, शाफ्ट वाकतो, पुली तिरकी बसते, नाहीतर पट्टा नको इतका ताणलेला असतो. कधी तिन्ही तारांतून वीज सारखी येत नाही. कधी पाय ढिला असतो, कधी पायाखालचा पाया. बाहेरून दिसतं ते एकच. म्हणून अंदाजाने पाना चालवणाऱ्याचा दिवस फुकट जातो. एकेक कारण तपासून बाजूला काढावं लागतं. उरेल ते खरं. याला दुसरा रस्ता नाही, आणि असेल तर तो आळशाचा आहे.

आधी तिन्ही तारा मोजल्या. सारख्या होत्या. मग हसुरामला म्हटलं, "पूर्ण वेगात येऊ दे, मग मी सांगेन तेव्हा स्विच पाड." वीज तुटताक्षणी थरथर गेली तर दोष विजेचा. वेगाबरोबर हळूहळू उतरली तर दोष यंत्राचा.

त्याने स्विच पाडला. थरथर गेली नाही. वेग उतरत गेला, आणि मध्येच एका ठिकाणी मोटर जास्तच हलली, गदागदा, आणि मग शांत झाली. मला ते आवडलं नाही. असं बहुधा पाया कच्चा असला की होतं. मी खाली लादीकडे बघितलं.

हसुराम लगेच म्हणाला, "पुली बघून घे. माझा पुलीवर वहीम हाय."

गिरणवाल्याचा वहीम ऐकायचा असतो. तो रोज तिच्याजवळ असतो. मी पुली बघितली. दोरी लावून रेषा घेतली. केसभर फरक होता, तो काढला. थरथर होती तेवढीच. पट्टा उतरवला आणि मोटर एकटीच फिरवली. थरथर होतीच. म्हणजे दळायचे दगड संशयातून सुटले. पुली काढली. तरी होतीच.

"मग बेअरिंग," हसुराम म्हणाला.

बेअरिंगला पेचकस टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. आवाज स्वच्छ होता. तरी त्याच्या समाधानासाठी दोन्ही बाजूंची झाकणं उघडली, ग्रीस काढलं, नवं भरलं. त्यात पुढची खेप गेली. मग तो म्हणाला शाफ्ट. शाफ्टही बघितला. सरळ होता. हे सगळं काम जड आहे. माझं वय झालं आहे, त्याचंही. तो मात्र प्रत्येक वेळी माझ्या आधी खाली बसायचा आणि माझ्यानंतर उठायचा. लादीची गोष्ट काढली की नवं कारण पुढे करायचा.

हौसाबाई चहा घेऊन दारात उभी राहायची. "भावजी, तिला एकदा दवाखान्यात तरी न्या. रोज रोज तिचे कपडे काय काढताव."

"तू आत जा," हसुराम म्हणायचा.

"मी आतच व्हते. खडखडीनं बाहेर आली."

एका संध्याकाळी प्रदीप कामावरून आला तसा गाळ्यातच आला. बॅग पाठीवरच. "काका, खरं सांगा, होणार आहे का हे?"

"होईल."

"मी म्हटलं ना बाबांना, नवीन मोटर मागवतो. ऑनलाइन टाकली की घरी येते. हे असं किती दिवस उघडून बसणार?"

हसुराम मोटरीचं झाकण पुसत होता. वर न बघता म्हणाला, "मोटर येल. लादी पन येल का ऑनलाइन?"

"लादीचं कुठे काढलं मी?" प्रदीप म्हणाला. आणि माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही. मला तेव्हा पहिल्यांदा हसुरामचाच संशय आला.

पुढच्या खेपेला मी हसुरामला विचारलं नाही, सांगितलं. चेनपुलीने मोटर उचलली, लादीवरून काढली, बाजूला जीपचा जुना टायर टाकला आणि त्यावर ठेवली. टायरवर मोटर मोकळी असते. तिचा स्वतःचा दोष असेल तर तिथेही हलते. पायाचा असेल तर हलत नाही. वायर जोडली. वाटीत पाणी घेऊन मोटरीच्या पाठीवर ठेवली आणि वाटी धरून उभा राहिलो. झटका सरला, वेग भरला, तसा हात काढला. पाणी जरासं शहारलं आणि तसंच राहिलं. मोटर गुळगुळीत फिरत होती.

"मोटरीत काही नाही," मी म्हटलं. "खणखणीत आहे."

हसुरामचं तोंड उतरलं. मोटर चांगली आहे हे ऐकून कुठल्या गिरणवाल्याचं तोंड उतरलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी हातोडी घेतली आणि लादीवर ठोकत गेलो. एका अंगाला टण् वाजायची, मधून पुढे बद्द. मग रॉकेल मागितलं. हौसाबाईने बाटली आणून दिली. काही विचारलं नाही. लादीवर रॉकेल ओतलं, मुरू दिलं, फडक्याने कोरडं पुसून घेतलं. वर तांदळाचं पीठ चाळलं, पातळ. कारखान्यात आम्ही खडूची पूड वापरायचो. इथे पीठ होतं. मोटर पुन्हा लादीवर चढवली, बोल्ट आवळले, चालू केली.

पांढऱ्या पिठात एक रेघ उमटायला लागली. चिरेत मुरलेलं रॉकेल थरथरीने वर येत होतं आणि पीठ भिजत होतं. पुढच्या दोन बोल्टांच्या आणि मागच्या दोन बोल्टांच्या मधून, आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मोटरीचे दोन पाय एका दगडावर होते आणि दोन दुसऱ्यावर.

मी मोटर बंद केली. खाली वाकून कड बघितली. चिरेवर सिमेंटचा हात फिरवलेला होता. त्यात काजळी मिसळून काळा केलेला. काम नीट होतं. हसुरामचंच.

"कधी फुटली?"

"गाडीतून उतरवताना. साखली सरकली."

"आणि तुला तेव्हापासून माहीत आहे."

हौसाबाई दारातून म्हणाली, "सिमिट मीच कालवून दिलं. तिन्हीसांजेला बसून भरत व्हते. जखमेत औषद भरावं तसं."

मला राग आला. खोटं बोलला म्हणून नाही. माझे कष्ट फुकट घालवले म्हणून. मी म्हटलं, "मी बेअरिंगची झाकणं उघडली. पुली काढली, दोनदा. या वयात मोटर उचलली. तू शेजारी बसून बघत होतास. जत्रा तोंडावर आली. कशासाठी?"

तो लादीवरचं पीठ हाताने गोळा करायला लागला. रॉकेल लागलेलं पीठ, कशाच्याही कामाचं नाही. तरी गोळा करत होता.

"तू एवरी कारनं सांगतोस," तो म्हणाला. "पुलीत असतं, बेअरिंगात असतं, विजंत असतं. मना वाटलं, एवऱ्यातलं एखादं निघंल. हेच कशाला निघंल."

मी पाने-पकडी गोळा करायला लागलो. मग त्याने विचारलं, "जोडता येल?"

"वरून येईल. पोलादी पट्टी मारता येईल. थोडे दिवस चालेल. पण आतून आता ते दोन दगड आहेत. मोटर फिरली की दोघं आपापलं हलणार. शिसं उकलेल आणि मग बोल्टही जाईल."

"थोडे दिवस म्हंजी जत्रा निघंल का?"

"जत्रा निघेल कदाचित. पीठ असंच पडेल, कणीदार. तुझ्या हातचं म्हणून लोक ते घेऊन जातील."

हे मी बोलायला नको होतं असं नाही. बोलायलाच हवं होतं. तो उठला, कोपऱ्यातली पहार घेतली आणि लादीच्या कडेला घातली. मला हात लावू दिला नाही. लादी वर आली ती दोन तुकड्यांतच आली. जोमाचे बोल्ट त्याने शिसं वितळवून मोकळे केले, आटे घासून साफ केले आणि माझ्यापुढे ठेवले. आटे चांगले होते. मी नव्या पायासाठी तेच घेतले.

दगडाचा एक तुकडा दुसऱ्याच दिवशी मागच्या नळापाशी गेला होता. हौसाबाई त्यावर धुणं आपटत होती.

"फरशीवर कपडा निघतो का, भावजी? इतकी वर्सं झाली, मना हितं धुन्याला दगड नव्हता. गावात घाट व्हता." आणि नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "मोडला त्याला मी काय करू. कामाला तरी आला."

हसुराम तिकडे बघत नव्हता. नव्या पायाचा खड्डा खणत होता.

खड्डा आम्ही भराव संपून कठीण मुरूम लागेपर्यंत नेला. वसाहतीत वरची सगळी जमीन भरावाची आहे. थोडं खणून भागवता आलं असतं. भागवलं नाही. सळ्या बांधल्या, काँक्रीट ओतलं, बोल्ट रेषेत धरले. त्यावर गोणपाट टाकून तो रोज पाणी मारायचा. रोज हाताने वरून चाचपायचा आणि मला फोन करायचा.

"सुकलंय."

"वरून."

"दगडासारकं झालंय. मी उभा राहिलो."

"तू उभा राहा. मोटर नाही राहणार. कच्च्यात बोल्ट आवळला की उपटून हातात येतो."

"एक दिस चालव. जत्रेच्या आदल्या दिशी. मग मोडंना का."

"मोडायचं काम मी करत नाही, हसुराम."

त्याने फोन ठेवला. तो माझ्यावर चिडला होता. जत्रेच्या दिवशीही चिडलेलाच होता, पण जेवायला ये म्हणून निरोप पाठवला होता. मी गेलो.

शिरखारची माणसं आली होती. ओळखीची तोंडं, नवे कपडे, प्रत्येकजण कुठून कसा आलो ते सांगत होता. हसुराम देवळाच्या पायऱ्यांपाशी उभा होता. जो तो विचारायचा, "गिरन लागली का?" आणि तो म्हणायचा, "व्हतेय." किती जणांना म्हणाला असेल. घरी जेवताना भाकऱ्यांच्या कडा उललेल्या होत्या. पीठ दुसऱ्या गिरणीतलं. पाहुणे काही बोलले नाहीत. हौसाबाई मात्र वाढता वाढता त्या दुसऱ्या गिरणवाल्याच्या सात पिढ्या काढत होती.

जेवणानंतर कमळाबाई आली. शिरखारला हसुरामच्या पलीकडचं घर तिचं. आता नातवाकडे करंजाड्याला, वरच्या मजल्यावर राहते. गुडघे धरत ती गाळ्यात आली आणि ओल्या गोणपाटाकडे बघत बसली.

"मना पिशवीतलं पीठ खावं लागतं रं हसुराम. वास नाय त्याला. गिरन लागली का सांग."

"सांगीन."

"सांगशील कसा? माझ्याकडं फोन नाय. नातू दिसभर कामाला." थोडं थांबून म्हणाली, "तिकडं कोन सांगायला येत व्हतं? आवाज यायचा. आवाज आला का डबा उचलायचा."

प्रदीप तिला रिक्षात बसवायला गेला.

जत्रा झाली. बोलल्याप्रमाणे औषधाचा दुकानवाला गाळा बघायला आला. प्रदीप त्याला घेऊन खाली उतरला तर दारात हौसाबाई बसली होती, सूप घेऊन.

"गाळा कोनाच्या नावावर हाय?" तिने मुलाला विचारलं.

"आई, आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं व्हतं. माझं कोनी विचारलं नाय. गाळा माझ्या नावावर हाय, आनि माझी गिरन हाय. तुजा गाळा झाला का त्यात तू औषदं वीक. मी घेईन तुज्याकडनं."

दुकानवाला हसला. प्रदीपही हसला, नाइलाजाने. हसुराम आत मोटरीवरचं फडकं काढून पुन्हा घालत होता. या विषयावर तो बायकोशी कधी बोलला असेल असं मला वाटत नाही.

काँक्रीट पुरतं मुरल्यावर मी मोटर बसवली. चारही पायांखाली पातळ पट्टी सरकवून बघितली, कुठे शिरली नाही. बोल्ट कोपऱ्यातून कोपऱ्यात आवळत गेलो. चालू केली. आवाज म्हणाल तर हवेचा तेवढा. लगेच तांदूळ टाकले. पीठ पडलं ते भस्मासारखं. हौसाबाईने चिमटीत घेतलं, चोळलं आणि काही न बोलता आत गेली. म्हणजे पास. एवढ्या चांगल्या बसलेल्या मोटरी मी कारखान्यातही थोड्याच पाहिल्या. हसुरामने माझा हात धरला. राग गेला होता.

मग वाट बघणं सुरू झालं. शेजारचे एकदोघे आले. वसाहतीतले नवे लोक गहू घेऊन आले, ते वजन करून, पुन्हा येतो म्हणून निघून गेले. थांबलं कुणी नाही. शिरखारचं कुणी नाही. माणसांना दुसऱ्या सवयी लागल्या होत्या. त्यांना दोष देता येत नाही. एका डब्यासाठी कोण रिक्षा करून येणार?

एकदा गेलो तर गिरण चालू आणि गाळ्यात कुणी नाही. दळायचे दगड वर उचललेले, मोटर रिकामी फिरतेय. हसुराम खुर्चीवर.

"रिकामी कशाला फिरवतोस?"

"बाहेर जा जरा. कोपऱ्यावर उभा राहा. आवाज येतो का सांग."

मी कोपऱ्यापर्यंत गेलो. रिक्षा, डंपर, वरून विमान. परत येऊन म्हटलं, "नाही येत."

"तिकडं बांदापतूर जायचा."

"तिकडे गाव शांत होतं. आणि पत्रा खडखडायचा."

तो मोटरीकडे बघत होता. मग म्हणाला, "एक बोल्ट जरा सोडला तर?"

"एवढं सगळं करून?"

"एकच. चारातला एक."

"बेअरिंग जाईल."

"तू बदलशील."

मी नाही म्हटलं. स्पष्ट म्हटलं. ढिल्या पायाने मोटर चालवणं हा त्या मोटरीवर अन्याय आहे आणि ज्याने ती बसवली त्याच्या हातांवरही. तो ऐकून घेत होता.

पुढच्या गुरुवारी गेलो तर रस्त्यावरूनच पत्र्याचा खडखडाट ऐकू आला. आत जाऊन हात लावला. पुढचा उजवा बोल्ट ढिला होता, नेमका अर्ध्या आट्याने. जास्त नाही. मी पाना काढला, आवळला. हसुरामने बघितलं. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा ढिला. मी पुन्हा आवळला. तिसऱ्यांदा मी पाना काढला तेव्हा तो म्हणाला, "दलन आलं का मी आवलतोच. भाकर उलायला नको. दलन नसलं का सोडतो."

"आणि त्याने कुणी आलं?"

"कमलाबाय आली. देवलात आली व्हती, रिक्षातून. रिक्षावाल्या पोराला म्हनली थांबव, आपली गिरन हाय." तो हसला. "मना म्हनली, कवा लागली? तू सांगितलं नाय. मी म्हनलो, सांगितलं की."

तिचं पायलीभर दळण त्याने किती सावकाश दळलं ते हौसाबाईने मला सांगितलं. बोल्ट आवळून, दगड टेकवून, चिमटीचिमटीने. ती बाई जेवून गेली. संध्याकाळी नातू शोधत आला.

त्यानंतर शिरखारचं कुणी आलं का, हे मी त्याला विचारत नाही. गुरुवारी गेलो की चप्पल काढायच्या आधी पुढच्या उजव्या बोल्टला हात लावतो. आवळलेला असला तर कुणीतरी नुकतंच येऊन गेलेलं असतं. मग तो आपणच सांगतो, कोण आलं, कुणाची सून, कुठे राहते, डबा कसा होता.

गेल्या गुरुवारी ढिला होता. पाना माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. हसुरामने दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघं रस्त्याकडे तोंड करून बसलो, आणि मागे मोटर थरथरत होती.